उरलेल्या २८ सामन्यांचा हिशेब : अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सरचिटणीस आणि लीग समितीचे सर्व सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ,
फुटबॉल हाऊस, द्वारका, नवी दिल्ली.

नाशिकरोड, २१ मे २०२०

सप्रेम नमस्कार.

अध्यक्ष महोदय, आपण गोंदियाचे, म्हणून हे पत्र मराठीत लिहितो आहे. दुसरं कारण असं की हे पत्र माझ्या जिल्ह्यातल्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं, अशी माझी इच्छा आहे. त्यांच्याच वतीने बोलायचं तर त्यांना कळेल अशा भाषेत बोलावं.

मी नाशिकरोडला राहतो. सत्तावीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो, गेल्या वर्षी निवृत्त झालो. शाळा सुटली, मैदान सुटलं नाही. सकाळी साडेपाचला मुलं गोळा करायची, सुतळीने मापून चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी फाटली की नायलॉनच्या दोरीने शिवायची, हे २३ मार्चपर्यंत चालू होतं. त्यानंतर मैदानाच्या फाटकाला कुलूप आहे. आता गोलपोस्टच्या आत गुडघाभर गवत उभं आहे. किराणा आणायला जाताना ते रोज दिसतं.

आय-लीगचा, म्हणजे देशातल्या क्लबांच्या आपल्या फुटबॉल लीगचा, २०१९-२०चा मोसम तिथेच संपल्याचं आपण जाहीर केलंत. कोरोनाच्या साथीमुळे १४ मार्चला लीग थांबवली, १८ एप्रिलला लीग समितीने व्हिडिओ बैठकीत मोसम आटोपण्याची शिफारस केली आणि पुढे ती मान्य झाली. मोहन बागान विजेता. कोणी खालच्या श्रेणीत जाणार नाही. उरलेली बक्षिसाची रक्कम बाकीच्या दहा क्लबांत सारखी वाटायची. वयोगटांच्या लीग रद्द. खेळायचे राहिलेले २८ सामने राहिले ते राहिले.

मोसम थांबवणं बरोबर होतं. जीव राहिला तर खेळ राहील. आमच्याच जिल्ह्यात मालेगावची काय अवस्था झाली ते आम्ही पाहतो आहोत. मोहन बागानच्या विजेतेपदाबद्दलही माझी तक्रार नाही. १६ सामन्यांत ३९ गुण आणि मागच्या संघाहून १६ गुणांनी पुढे असलेल्या संघाला विजेता म्हणायचं नाही तर कोणाला? कल्याणीच्या मैदानावर १० मार्चला बाबा दियावाराने ऐझॉलविरुद्ध तो एकमेव गोल केला, तेव्हा मी घरी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. चार फेऱ्या बाकी असताना मिळवलेलं ते विजेतेपद आहे.

पण तारखा नीट बघा. बागानचं विजेतेपद १० मार्चला नक्की झालं आणि लीग १४ मार्चला थांबली. मध्ये चार दिवस. त्या चार दिवसांमुळे आपला निर्णय सोपा झाला. हीच साथ दोन आठवडे आधी आली असती तर कोणत्या कलमाखाली विजेता ठरवला असता? आजही दुसरा क्रमांक कोणाचा, ते मैदानावर ठरलेलं नाही. ईस्ट बंगाल आणि पंजाब २३ गुणांवर होते, रिअल काश्मीर आणि गोकुलम केरला २२ वर, तेही एकेक सामना कमी खेळून. चार संघ एका गुणाच्या अंतरात. १५ मार्चची कोलकात्याची डर्बी, म्हणजे मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, तर झालीच नाही. त्या चारही संघांतल्या मुलांनी आठ महिने घाम गाळला तो कोणत्या क्रमांकासाठी, याचं उत्तर कोणाकडे नाही.

बाहेरही प्रत्येकाने आपापल्या परीने वाट काढली. नेदरलँड्समध्ये आयाक्स आणि एझेड दोघांचे ५६-५६ गुण होते. तिथे २४ एप्रिलला विजेता न ठरवताच मोसम बंद केला. फ्रान्सने पॅरिसला विजेता केलं आणि खालचे दोन संघ उतरवले, तर तिथे भांडण कोर्टाच्या दारात गेलं. जर्मनी थांबली आणि गेल्या शनिवारी, १६ मेला, रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा उभी राहिली. डॉर्टमुंडने शाल्केला ४-० हरवलं तो सामना आमच्या मुलांनी आपापल्या घरी बसून पाहिला आणि मध्यंतरापर्यंत माझा फोन वाजत होता. गोल केल्यावर खेळाडू लांब उभे राहून कोपराला कोपर लावत होते, याचंच मुलांना अप्रूप. बघता बघता एका चौदा वर्षांच्या मुलाने विचारलं, "सर, आपलं कधी?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ते आपल्याजवळ असायला हवं, म्हणून हे पत्र.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो त्याच्याबद्दल. त्याचं नाव लिहीत नाही, क्लबचंही लिहीत नाही. त्याला अजून दहा वर्षं खेळायचं आहे. बावीस वर्षांचा गोलरक्षक, दिंडोरी तालुक्यातला, सातवीपासून माझ्याकडे. पहाटे दुधाच्या गाडीवर बसून शहरात यायचा. गेल्या वर्षी त्याला लीगमधल्या एका क्लबाने घेतलं. राखीव गोलरक्षक म्हणून, एका वर्षाच्या करारावर, ३१ मे २०२०पर्यंत. गावात त्याच्या नावाचा फलक लागला होता.

लॉकडाऊन लागला तेव्हा तो क्लबच्या भाड्याच्या फ्लॅटवर अडकला. पाच मुलं, एक गॅस, खाली किराण्याचं एक दुकान. मार्चचा पगार आला नाही. एप्रिलचाही नाही. फोन केला की "बघू, वरून काही कळलं की सांगतो." वर म्हणजे कुठे, ते त्याला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. मोसम संपल्याची बातमी त्याला क्लबकडून कळली नाही, मोबाइलवर वाचून कळली. मे उजाडल्यावर मिळेल त्या गाडीने, दोन राज्यांच्या हद्दींवर तपासण्या देत तो घरी पोचला.

गावाने त्याला चौदा दिवस घराबाहेर राहायला सांगितलं, ते योग्यच होतं. बापाच्या द्राक्षबागेत औषधं ठेवायची पत्र्याची शेड आहे, तिथे त्याची खाट टाकली. मी गेल्या आठवड्यात त्याला बघायला गेलो. बांधाच्या अलीकडे मी, पलीकडे तो, दोघांच्या तोंडाला रुमाल. हौदाच्या भिंतीवर तो चेंडू मारत होता आणि परत आलेला पकडत होता. डावीकडे झेपावून एकदा, उजवीकडे एकदा. खाली मातीवर गोणपाट अंथरलेलं. मी त्याचे ग्लोव्हज मागितले, त्याने ते बांधावर ठेवले आणि मागे सरकला. दोन्ही तळव्यांवरचा फोम उडालेला होता. उजव्या अंगठ्याशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशनने चिकटवलेला. "नवे मोसम संपल्यावर घेणार होतो, सर," तो म्हणाला.

त्याचे वडील तिथेच काड्या बांधत होते. दोन एकर थॉमसन. मार्चअखेर निम्मा माल वेलीवर असताना बाजार बंद झाला. व्यापारी फिरकला नाही, मजूर मिळाले नाहीत, उरलेला माल मिळेल त्या भावाने बेदाण्याला गेला. तरीसुद्धा त्यांनी एप्रिलची खरड छाटणी केली. उसनवारी करून केली. मी विचारलं, एवढं नुकसान झाल्यावर लगेच खर्च कशाला? ते म्हणाले, "सर, आत्ता काडी केली नाही तर ऑक्टोबरात घड कुठून येईल? घड आत्ताच काडीच्या डोळ्यात धरतो. हंगाम बुडाला म्हणून वेल थांबत नाही."

नाशिकच्या कुठल्याही बागाईतदाराला हे माहीत आहे. माल विकला जावो न जावो, पुढच्या वर्षासाठी वेलीवरचा खर्च याच वर्षी करावा लागतो. आपण मोसम संपवलात तेव्हा वेलीवरचा माल मोजलात. विजेता कोण, बक्षीस किती, खाली कोण जाणार. काडीकडे कोणी बघितलं नाही. माझं सगळं गाऱ्हाणं एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचा तपशील.

खेळाडूंच्या कराराचं आधी घेतो. फिफाने ७ एप्रिललाच मार्गदर्शन केलं होतं, की साथीमुळे अडचण आली तर क्लब आणि खेळाडूंनी एकत्र बसून तडजोड करावी, एकतर्फी हात झटकू नयेत. आपल्याकडे काय झालं? करार ३१ मेपर्यंतचे असताना 'फोर्स मेजर' म्हणजे दैवी आपत्तीचं कलम पुढे करून ३० एप्रिललाच ते संपवल्याचं वर्तमानपत्रांतून वाचलं. ज्यांना पत्र तरी मिळालं ते नशीबवान म्हणायचे. माझ्या मुलासारख्यांना पत्रही नाही, पगारही नाही आणि नकारही नाही. करार संपवला म्हणावा तर कागद नाही, चालू म्हणावा तर पैसे नाहीत. मोठ्या नावाच्या परदेशी खेळाडूंचे वकील असतात, दूतावास असतात. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे परदेशी खेळाडू आणि प्रशिक्षक मेच्या सुरुवातीला कोलकात्याहून बसने दिल्लीला गेले आणि तिथून ॲमस्टरडॅमच्या विमानात बसले. त्यांचेही हाल झालेच, दोन दिवस रस्त्यावर होते. पण त्यांची कोणीतरी नोंद ठेवली. राखीव गोलरक्षकाची नोंद कोण ठेवणार? तो संघाच्या यादीत आहे, सामन्याच्या कागदावर नाही.

क्लबांचीही बाजू आहे, हे मला कळतं. तिकीटखिडकी बंद, प्रायोजक हात आखडते घेणार, आणि आय-लीगचे बहुतेक क्लब काही धनाढ्यांचे नाहीत. म्हणूनच बक्षिसाची उरलेली रक्कम दहा क्लबांना सारखी वाटण्याचा आपला निर्णय मला चांगला वाटला. पण ती वाटताना एक अट घालता आली असती : आधी खेळाडू आणि कर्मचाऱ्यांची मेअखेरची देणी, मग बाकी. क्लबांच्या परवान्याच्या नियमांत खेळाडूंची थकबाकी नसावी ही अट आहेच. तो नियम साथीच्या वर्षी वापरायचा नाही, तर कधी?

दुसरी गोष्ट पंचांची, आणि याबद्दल कुठे एक ओळ छापून आलेली मी पाहिली नाही. एका सामन्याला एक मुख्य पंच, दोन सहायक आणि एक चौथा, असे चौघे लागतात. २८ सामने म्हणजे ११२ नेमणुका. आपल्याकडे बहुतेक पंच पगारी नाहीत. सामना झाला तर मानधन, नाही झाला तर नाही. माझ्या हाताखाली खेळलेला एक जण आज पंच आहे. त्याची जिल्हा आणि राज्य पातळीवरची कामं मार्चपासून गेली. तो दिवसा एका दुकानात हिशेब लिहितो, तेही दुकान बंद आहे. पंच होण्यासाठी माणूस वर्षानुवर्षं परीक्षा देतो, धावण्याच्या चाचण्या देतो, स्वतःच्या खर्चाने बूट घेतो, आणि रविवारी लोकांच्या शिव्या खातो. असा माणूस एकदा दुसऱ्या नोकरीला लागला की परत येत नाही. मैदान राखणारे, चेंडू गोळा करणारे, रुग्णवाहिकेवर बसणारे, त्यांचंही असंच.

तिसरी गोष्ट वयाची. ही मला सगळ्यांत जास्त टोचते.

१५ सप्टेंबर २०१७. राज्य सरकारने 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' केलं होतं, एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं. भारतातला १७ वर्षांखालचा विश्वचषक तोंडावर होता, त्यातले काही सामने नवी मुंबईत होणार होते. त्या दिवशी आमच्या मैदानावर पावसाचा चिखल होता आणि तरी एका मैदानात चार सामने आडवे-उभे चालले होते. त्या आधी चेंडूला कधी पाय न लावलेली मुलं त्या दिवशी आली आणि त्यातली अकरा जण परत दुसऱ्या दिवशी सकाळी आली. पुढच्याच महिन्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या जर्सीत विश्वचषक खेळताना त्यांनी पाहिला. आपल्याच राज्यातला, आपल्यासारखाच बोलणारा. ती अकरा मुलं तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. आज ती चौदा-पंधराची आहेत. म्हणजे १५ वर्षांखालच्या लीगची हीच ती मुलं, आणि ती लीग आपण रद्द केलीत.

रद्द करणं भाग होतं. पण रद्द म्हणजे काय, ते बघा. तेवीस वर्षांच्या खेळाडूचा एक मोसम गेला तर तो पुढच्या वर्षी चोवीसाव्या वर्षी खेळेल. पंधरा वर्षांच्या मुलाचा गेला तर पुढच्या वर्षी तो त्या लीगच्या वयातच राहत नाही. १५ वरून एकदम १८ वर्षांखालच्या गटात जायचं, तिथे सतरा-अठरा वर्षांची अंगाने भरलेली पोरं. आमच्याकडे अशा वयातच मुलं गळतात. दहावी येते, घरचे म्हणतात पुरे झालं, आणि निवड होत नाही म्हटल्यावर त्यांना अडवायला माझ्याकडे शब्द उरत नाही. एका वर्षात एक अख्खी पिढी हातातून जाते आणि कुठल्याही गुणतक्त्यात ते दिसत नाही.

यावर उपाय अवघड आहे का? नाही, कारण तो झालेला आहे. टोकियो ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं तेव्हा पुरुष फुटबॉलची २३ वर्षांची अट तशीच ठेवून मुलांना बाद केलं नाही. १ जानेवारी १९९७ला किंवा त्यानंतर जन्मलेले पात्र राहतील असं ठरलं. आणि आपल्याच देशात होणारा मुलींचा १७ वर्षांखालचा विश्वचषक फिफाने फेब्रुवारी-मार्च २०२१मध्ये घ्यायचं १२ मेला जाहीर केलं, तेव्हा जन्मतारखेची अट होती तीच कायम ठेवली. आपण त्या स्पर्धेचे यजमान आहात. ज्या न्यायाने आपल्या मुलींचा हक्क टिकला, तोच न्याय आपल्या देशातल्या लीगला लावायला कोणाची परवानगी लागते? त्या चौदा वर्षांच्या मुलाने मला दुसरा प्रश्न विचारला तो हाच होता. "सर, वर्ल्ड कपच्या मुलींचं वय धरून ठेवलं ना, मग आमचं का नाही?"

फेब्रुवारीत मी सोळा मुलांना सकाळच्या पंचवटीने मुंबईला नेलं होतं. इंडियन ॲरोजचे या मोसमातले काही घरचे सामने कूपरेजवर होते. ॲरोज म्हणजे आपल्याच महासंघाचा संघ, सगळी कोवळी पोरं, मोठ्या क्लबांशी झगडणारी. गुणतक्त्यात ती तळाला राहिली, त्याने काही बिघडत नाही. मुलांनी आत गेल्या गेल्या वाकून कृत्रिम गवताला हात लावून पाहिला. सामन्यानंतर ॲरोजचा एक खेळाडू कुंपणाजवळ आला आणि आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलाला त्याने विचारलं, "कितवीत आहेस?" बस, एवढंच. परतीच्या गाडीत कसाऱ्याचा घाट संपेपर्यंत तो मुलगा तेच सांगत होता. मोसम नावाची गोष्ट आमच्यासारख्यांपर्यंत अशी पोचते.

आणि ती मुंबईपर्यंत जाऊनच बघावी लागते, कारण या अकरा संघांत महाराष्ट्राचा एकही क्लब नव्हता. ज्या राज्याच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली, तिथले क्लब एकेक करून गेले. महिंद्र गेला, पुणे एफसी गेला, मुंबई एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला, एअर इंडियाही लीगबाहेर झाला. पलीकडच्या लीगमधला, म्हणजे इंडियन सुपर लीगमधला, पुण्याचा संघही गेल्या वर्षी बंद झाला. आमची मुलं चांगली निघाली की त्यांना परराज्यात जावं लागतं, परक्या भाषेत करार वाचावा लागतो, आणि साथ आली की परक्या गावात अडकावं लागतं. यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल, आज तो विषय इथेच सोडतो.

एक आक्षेप येईल, आला आहेच. शेजारच्यांनीच विचारलं, "सर, लोक उपाशी चाललेत आणि तुम्ही फुटबॉल काय घेऊन बसलात?" बरोबर आहे. मी नाशिकरोडला राहतो. महाराष्ट्रातली पहिली श्रमिक गाडी १ मेच्या रात्री आमच्याच स्टेशनावरून भोपाळकडे निघाली. आपला पत्ता द्वारका आहे. आमच्याकडेही द्वारका आहे, मुंबई-आग्रा महामार्गावरचा चौक. त्या रस्त्याने गेले कित्येक दिवस माणसं चालत जात आहेत. कसारा घाट चढून आलेली, पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेली, कडेवर लेकरं. आमच्या संघातली मोठी मुलं, पोलिसांची परवानगी घेऊन, तिथे पाणी द्यायला जातात. सामन्याच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या न्यायचा आमचा निळा क्रेट आहे, तोच घेऊन जातात. परवा एका माणसाने बाटली परत देताना आमच्या मुलाच्या अंगावरची जर्सी बघितली आणि म्हणाला, मीही खेळायचो. तेवढं बोलून तो पुढे चालायला लागला.

त्या माणसाच्या दुःखापुढे माझ्या गोलरक्षकाचं दुःख लहान आहे, हे मी मान्य करतो. पण दोघांचं दुखणं एकाच जातीचं आहे. काम थांबलं त्या दिवशी ज्याने काम दिलं होतं त्याने फोन उचलणं बंद केलं. देशभरच्या कामगारांचा प्रश्न मी सोडवू शकत नाही, आपणही नाही. फुटबॉलच्या मैदानावरचा हा प्रश्न मात्र आपल्या हातात आहे आणि तो सोडवायला कोणाचं अन्न काढून घ्यावं लागत नाही.

तेव्हा मागण्या सांगतो, सरळ शब्दांत.

खेळाडूंची करारानुसार मेअखेरपर्यंतची देणी दिल्याचा पुरावा प्रत्येक क्लबकडून घ्यावा. तो आल्याशिवाय बक्षिसाच्या रकमेतला वाटा देऊ नये आणि पुढच्या मोसमाचा परवानाही देऊ नये. क्लबची खरोखरच ऐपत नसेल, तर त्या वाट्यातून महासंघाने खेळाडूंना परस्पर पैसे द्यावेत. ज्यांची तक्रार आहे त्यांना ती घरबसल्या, फी न भरता, मोबाइलवरून करता यावी आणि तीस दिवसांत निकाल मिळावा. दिल्लीला खेटे घालायला लावू नका. बावीस वर्षांच्या मुलाला वकील परवडत नाही.

न झालेल्या सामन्यांच्या पंचांना ठरलेल्या मानधनाचा निम्मा भाग तरी द्यावा, आणि राज्य संघटनांनाही तसं कळवावं.

१३, १५ आणि १८ वर्षांखालच्या लीगमध्ये, या मोसमात पात्र असलेल्या प्रत्येक मुलाला पुढच्या मोसमात त्याच गटात खेळू द्यावं. एकाच वर्षापुरती सवलत द्या, पण ती आत्ता जाहीर करा. पुढच्या मोसमाच्या तारखा नक्की व्हायची वाट बघू नका. जूनमध्ये शाळेचे दाखले, क्लास, फिया यांचे निर्णय घरोघरी होतात. तोपर्यंत हे कळलं नाही तर मुलं गेलेली असतील.

आणि लीगच्या नियमावलीत एक कलम घाला. मोसम मधेच तुटला तर किती फेऱ्या झाल्या असतील तर गुणतक्ता ग्राह्य धरायचा, कमी-जास्त सामने झाले असतील तर प्रत्येक सामन्यामागचे गुण काढायचे की नाही, विजेता केव्हा ठरेल आणि केव्हा ठरणार नाही, दुसऱ्या श्रेणीतून वर कोण येणार, पैसे कसे वाटायचे. हे सगळं पहिला सामना सुरू होण्याआधी लिहिलेलं असावं आणि प्रत्येक खेळाडूच्या करारासोबत त्याला समजणाऱ्या भाषेत जोडलेलं असावं. साथ कधी संपेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. पुढचा मोसमही मधेच थांबू शकतो, हे धरूनच चालायला हवं. दर वेळी चार दिवसांचं नशीब साथ देईल असं नाही.

१८ एप्रिलच्या बैठकीत खेळाडूंची बाजू कोणी मांडली, पंचांची कोणी मांडली, तेही आम्हाला वाचायला मिळावं. बैठकीचं इतिवृत्त संकेतस्थळावर टाकायला खर्च येत नाही.

हे पत्र कोणाला दोष देण्यासाठी लिहिलेलं नाही. साथ आपण आणली नाही आणि इतक्या घाईत कोणाचेही सगळे निर्णय बरोबर येत नसतात. राहून गेलेलं पुरं करायला अजून वेळ आहे, म्हणूनच आज लिहितो आहे. माझ्या गोलरक्षकाचे चौदा दिवस मंगळवारी पुरे होतात. त्याच्या करारातले आजपासून दहा दिवस उरले आहेत. ३१ मेच्या आत त्याच्या क्लबला आपलं एक पत्र जावं, आणि त्याची एक प्रत त्याला मिळावी.

कळावे,
आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक आणि फुटबॉल प्रशिक्षक,
नाशिकरोड